लाल ठिपक्याच्या आतला आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेडिओग्राम आहे, आणि तुमच्याशी गोड बोलायला मी आलेलो नाही. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी एखाद्या यंत्राच्या डोक्यावर चापट मारून 'चालतच नाही मेलं' असं म्हटलेलं असणार, याबद्दल माझी खात्री आहे. माझ्या डोक्यावर अशा इतक्या चापट्या बसल्या की वरच्या झाकणाचा एक कोपरा कायमचा उचकटला. आणि त्या सगळ्या चापट्या मी दुसऱ्याच्या अपराधापायी खाल्ल्या. ती हकीकत आज सांगणार आहे. मध्ये बोलू नका.

तुमच्यापैकी कित्येकांनी रेडिओग्राम पाहिलेलाही नसेल. मी म्हणजे चार पायांवर उभी असलेली एक लांबट लाकडी पेटी. समोर ताणून बसवलेलं जाळीचं कापड आणि त्याच्यामागे स्पीकर. बाजूला रेडिओची काचेची पट्टी, तिच्यात पिवळा दिवा. वरचं झाकण उचललं की आत तबकड्या वाजवायची फिरती थाळी. समोर तीन बटणं आहेत. डावं चालू-बंद करायचं, उजवं स्टेशन लावायचं आणि मधलं आवाज कमी-जास्त करायचं. माझ्या आयुष्याचं जे काही वाटोळं झालं ते या मधल्या बटणामुळे झालं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या सुताराने माझ्या अंगावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चढवला. दोन बाजूंच्या शिरा एकमेकींना जुळेनात, म्हणून त्याने तो तीनदा काढून पुन्हा बसवला. मुकादम त्याच्यावर खेकसत होता, पण सुतार काही ऐकेना. मला माणसांबद्दल थोडाफार आदर उरला आहे तो त्या सुतारामुळे. दुसरी एक बाई होती, जाड चष्म्याची. तिच्याकडे बटणं बसवायचं काम होतं. शेजारी एक नवी मुलगी शिकायला बसली होती. बाई तिला म्हणाली, "हे बघ, बटण ज्या दांडीवर बसतं ती दांडी गोल आहे, पण एका बाजूने तासून सपाट केलीय. बटणाच्या पोटात हा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू आहे ना, त्याचं टोक त्या सपाट बाजूवर टेकलं पाहिजे. गोल बाजूवर पिळलास तर आज घट्ट वाटेल, उद्या नुसतं गरगर फिरेल." हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

मला घरी आणलं ते एका फिटरने. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपांच्या केंद्रावर तो कामाला होता. माणूस शिस्तीचा, इतका की त्याच्या घरात दाराची कडीसुद्धा वाकडी लटकायला घाबरायची. केंद्रावरच्या प्रत्येक झडपेवर त्याने लाल रंगाचा ठिपका काढलेला होता. इथपर्यंत उघडायची, पुढे नाही. तिथले लोक त्याला पाठीमागे 'लाल ठिपका' म्हणायचे आणि समोर चळाचळा कापायचे. त्याच्या खिशात कायम एक दीड वीत लांबीचा स्क्रूड्रायव्हर असायचा. पंप चालू असताना तो त्याचं पातं पंपाच्या अंगावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आतलं कुठलं बेअरिंग बरं आहे आणि कुठलं कुरकुरतंय ते त्याला असं कळायचं. मला घरात ठेवलं त्या पहिल्याच दिवशी त्याने माझ्या थाळीच्या मोटरला तो स्क्रूड्रायव्हर लावला होता. मला गुदगुल्या झाल्या. "मोटर चांगली आहे," असं तो बायकोला म्हणाला. त्या काळात तो मला रोज मऊ फडक्याने पुसायचा. मला वाटलं, चला, घर चांगलं मिळालं. मी तेव्हा नवा होतो आणि मूर्खही होतो.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी बायकोचं शिवणाचं मशीन. ती शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. त्या मशीनचे लाड मी काय सांगू? दर आठवड्याला तेल, दर महिन्याला नवा पट्टा, वर झालर लावलेलं आच्छादन. आणि मी समोरच्या भिंतीला टेकून उभा. ती भिंत शेजाऱ्याची आणि आमची एकच होती. शेजारी एक निवृत्त कारकून राहायचा. त्याला खोकल्याशिवाय दुसरा कुठलाही आवाज सहन होत नसे, आणि खोकलाही फक्त स्वतःचा. माझा आवाज वाढला की तो काठीने भिंत ठोकायचा. म्हणून फिटरने केंद्रावरून रंगाची छोटी डबी आणली आणि माझ्या मधल्या बटणावर एक लाल ठिपका काढला. दुसरा ठिपका बटणाच्या वर, लाकडावर. ठिपक्यासमोर ठिपका आला की थांबायचं. घराचा कायदाच झाला तो.

या कायद्याचा पहिला बळी म्हणजे फिटरचा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा. एकदा घरात पाहुणे जमले होते. मेव्हण्याला माझ्याबद्दल धंद्यामुळे जरा कौतुक. त्याने तबकडी लावली, बटण ठिपक्याच्या पुढे नेलं आणि म्हणाला, "बघा, याचा खरा गळा आता ऐका." खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी गायलो. तेवढ्यात फिटर स्वयंपाकघरातून आला, बटण मागे आणलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात कसं वागायचं ते कळत नसेल तर हात खिशात ठेवावेत."

मेव्हणा वाढलेल्या ताटावरून उठून गेला. त्यानंतर अकरा वर्षं त्याने या घराचा उंबरा ओलांडला नाही. बायको त्याला दुकानात जाऊन भेटायची आणि फिटरला ते माहीत होतं. तो त्याचं नावही काढायचा नाही. नाव काढायची वेळ आलीच तर 'तुझा तो भाऊ' म्हणायचा, जणू आपण त्याला कधी पाहिलंच नाही.

मग ती गोष्ट सुरू झाली.

सगळ्यांत आधी ती मला कळली. फिटर संध्याकाळी समोरच्या खुर्चीत बसायचा आणि बटण ठिपक्याच्या किंचित पुढे न्यायचा. मग बायकोकडे चोरून बघायचा आणि पुन्हा मागे आणायचा. काही दिवसांनी तो खुर्ची पुढे ओढू लागला. आणखी काही दिवसांनी माझ्या कापडाशी वाकून बसू लागला. त्याला ऐकू येईनासं झालं होतं, मित्रांनो. केंद्रावर कोणाला पत्ता लागला नाही, कारण पंपांच्या घरघराटात तिथे सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडूनच बोलतात. घरात मात्र बायको हळू बोलणारी. तिने एखादी गोष्ट सांगावी आणि याने मान वर करू नये, असं होऊ लागलं. त्यात त्याचा स्वतःचा आवाजही बारीक होत गेला. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि तिला वाटायचं की आपल्याला नावं ठेवतोय.

आता सरळ मार्ग काय होता? 'मला ऐकू कमी येतं' एवढं बोलायचं, झालं. पण हा पडला लाल ठिपका. आपणच घातलेला कायदा आपल्याच कानांनी मोडावा, हे त्याला सहन होईना.

एका सुट्टीच्या दुपारी बायको गणवेश पोचवायला शाळेत गेली होती. फिटरने दाराला कडी लावली आणि बारीक तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणला. माझ्या मधल्या बटणाच्या पोटातला तो दाण्याएवढा स्क्रू त्याने सैल केला, बटण थोडं फिरवलं आणि स्क्रू पुन्हा अर्धवट पिळला. गोल बाजूवर. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक नट सैल सोडला नव्हता, त्याने हे केलं. मला इतकी शरम वाटली की आतला दिवा विझवता आला असता तर विझवला असता.

युक्ती अशी होती. बटण अंगठ्याने आत दाबून जरा तिरकं धरलं की दांडी पकडली जायची. तसं धरून तो आवाज हवा तेवढा मोठा करायचा. मग दाब सोडून नुसतं बटण उलटं फिरवायचा, की ते मोकळं गरगरत मागे यायचं. ठिपका ठिपक्यासमोर आणि माझा गळा मात्र भिंत हलवतोय. बायको स्वयंपाकघरातून धावत आली की तो बोट दाखवायचा. "मी ठिपका ओलांडलेला नाही. बघ तूच."

"मग एवढा आवाज कसा?"

"जुनं यंत्र आहे. मनाला येईल तसं वागतं."

ऐकलंत? मी मनाला येईल तसं वागतो म्हणे. पलीकडून कारकुनाची काठी, इकडून बायकोची चापट, आणि खुर्चीत बसून हा गृहस्थ शांतपणे मान डोलावतोय. तीन वर्षं त्याने माझ्या माथ्यावर खापर फोडलं. मला तोंड असूनही मला स्वतःबद्दल एक अक्षर बोलता येत नाही, याचं इतकं दुःख मला आधी कधी झालं नव्हतं.

बायको हात बांधून बसणारी नव्हती. तिने बटण उपसून दांडीवर कागदाची पट्टी गुंडाळली. फिटरने ती काढून टाकली. तिने शिवणाचा दोरा गुंडाळला, तोही गेला. मग मेण भरलं. ते त्याने टाचणीने कोरून काढलं, आणि कोरता कोरता माझ्या लाकडावर ओरखडा पाडला. तिला वाटायचं की आपली दुरुस्तीच टिकत नाही. मग ती चिडून आणखी एक चापट मला. बायकोबद्दल माझ्या मनात जेवढी माया होती तेवढी त्या तीन वर्षांत आटली. फिटरबद्दलची तर आधीच संपली होती. आणि ते शिवणाचं मशीन रोज खटखट करत मला हसायचं.

घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं. जे उरलं ते टोचणारं.

"अहो, हे बटण नीट कधी होणार?" ती विचारायची.

"काय?"

"बटण."

"जुनं झालंय ते."

"जुनी मीही झालेय. मलाही असंच गरगरत ठेवणार का?"

यावर तो काही बोलायचा नाही, कारण एवढं लांब वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसायचं. तिला ते कुठून कळणार? तिला दिसायची ती त्याची पाठ.

एके दिवशी संध्याकाळी मी जरा जास्तच मोठ्याने वाजत होतो. कारकुनाने काठी ठोकून ठोकून भिंतीचा पोपडा पाडला आणि मग दारात येऊन बायकोला वाटेल ते बोलला. ती परत आली तेव्हा फिटर तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होता. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. ओरडली नाही. अगदी सावकाश म्हणाली, "उद्या हा डबा मी भंगारवाल्याला देणार आहे. आणि त्याच्या हातगाडीमागोमाग मीही बाहेर पडणार आहे. बहिणीकडे राहीन. माझ्याशी बोलायचं नाही असं तुम्ही ठरवलंच आहे, तर मग इथे राहून मी करू काय? थांब म्हणायचं असेल तर आता म्हणा."

फिटरने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्याने ऐकलं नव्हतं. मला ते माहीत होतं, सबंध खोलीत फक्त मला. तिने तेच उत्तर मानलं आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने भरलेली पिशवी शिवणाच्या मशीनपाशी ठेवली आणि भंगारवाल्याला बोलवायला निघाली. मला वाटलं, संपलं. सुताराने तीनदा जुळवलेल्या शिरा आता कुऱ्हाडीखाली जाणार. पण अर्ध्या तासाने ती आली तेव्हा तिच्याबरोबर तिचा भाऊ होता. भंगारवाल्याकडे जायच्या वाटेवरच त्याचं दुकान लागतं.

"मोडीत घालायच्या आधी मला एकदा बघू दे," तो म्हणत होता. "अकरा वर्षांपूर्वी याला हात लावला म्हणून मी वाईट झालो. काय आहे तरी याच्यात ते बघतो."

त्याने बटण चिमटीत धरून ओढलं. ते सहज बाहेर आलं. उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं आणि तो बराच वेळ बघत राहिला.

"ताई, हा स्क्रू कोणी सैल केलाय?"

"कोणी कशाला करेल? आपोआप झाला असेल."

"आपोआप सैल झालेल्या स्क्रूच्या खाचेत मळ असतो. हा बघ, कसा चकचकीत आहे. महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी फिरवलाय. आणि दांडी बघ. सपाट बाजू इकडे आहे, चरे पडलेत ते गोल बाजूवर. स्क्रू मुद्दाम गोल बाजूवर टेकवलाय. एखाद्या अडाण्याने केलं असतं तर मी समजलो असतो. पण तुझ्या घरात तर फिटर राहतो."

बायको खुर्चीवर बसली. कागद, दोरा, मेण, सगळं तिला आठवत असणार.

मेव्हण्याने काम मात्र नीट केलं, हे मला मान्य केलं पाहिजे. दांडीवरचं मेण स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढलं. चऱ्यांवर बारीक कानस फिरवली. बटणाच्या पोटातला दोऱ्याचा तुकडा चिमट्याने उपसला. मग सपाट बाजू शोधली, स्क्रूचं टोक तिच्यावर आणलं आणि पिळलं. जाड चष्म्याची बाई असती तर खूश झाली असती. शेवटी त्याने कपाटातली फिटरचीच लाल रंगाची डबी उघडली आणि स्क्रूच्या तोंडावर एक थेंब सोडला. "आता कोणी फिरवला की रंग फुटेल आणि चोर सापडेल," तो म्हणाला.

"तू जा आता," बायको म्हणाली. "ते येतील एवढ्यात."

"त्यांना भेटूनच जातो."

भाऊ बहिणीसाठी आला होता, पण थांबला होता तो स्वतःसाठी. अकरा वर्षांचं उट्टं काढायचं होतं त्याला. तो बाह्या सरसावून माझ्या शेजारी उभा राहिला.

फिटर दारात आला. त्याने आधी मेव्हण्याला पाहिलं, मग पिशवीला. "हा इथे कशाला?" तो पुटपुटला.

"तुमची कारागिरी बघायला," मेव्हणा खणखणीत आवाजात म्हणाला. "तीन वर्षं बटण मुद्दाम सैल ठेवलंत. माझ्या बहिणीचा छळ करायला. ती दुरुस्त करत होती आणि तुम्ही चोरून उपसत होता. केंद्रावर सांगू का तुमच्या माणसांना, फिटर काय काय करतो ते?"

"माझ्या घरातून चालता हो."

"होतो. एवढं ऐका आणि मग होतो."

त्याने झाकण उचललं, एक संथ चालीची तबकडी लावली आणि सुई ठेवली. बटण फिरवलं. ठिपक्यासमोर ठिपका. तीन वर्षांनी मी माझ्या बेताच्या, स्वच्छ आवाजात गाऊ लागलो. पलीकडे कारकुनाची काठी गप्प होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय, पटलं?" मेव्हणा म्हणाला.

फिटर माझ्याकडे बघत होता. दिवा पेटलेला, थाळी फिरतेय. तो वाट बघत होता. मग त्याच्या ओठांवर एक वाकडं हसू आलं.

"काय पटलं? नुसती थाळी फिरतेय. आवाज कुठे आहे? तीन वर्षं माझ्या हाताने वाजत होता. तुझा हात लागला आणि मुका झाला. घे, हीच तुझी दुरुस्ती."

मी गातच होतो. खोलीत दुसरा कुठलाही आवाज नव्हता.

मेव्हण्याचं तोंड हसायला उघडलं आणि तसंच राहिलं. फिटरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. आपण काय बोलून बसलो ते त्याला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. तो पाठ फिरवून खिडकीकडे गेला.

बायको उठली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "अहो," ती म्हणाली. तो हलला नाही. तिने पिशवी उचलली. "मी चालले." तो हलला नाही. मग ती वळसा घालून त्याच्या समोर गेली.

"कधीपासून?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. "काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते."

"तीन वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुला सांगायचं म्हणजे तुझ्या भावाला सांगायचं. त्याला सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला. केंद्रावर कळलं तर मला भांडारात बसवतील, डबे पुसायला."

"काल संध्याकाळी मी तुम्हाला काय म्हणाले?"

"काल?" तो विचारात पडला. "काल काही म्हणालीस तू?"

ती पिशवी मांडीवर घेऊन शिवणाच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "तीन वर्षं मला वाटत होतं की तुम्हाला मी नकोशी झालेय. भिंतीशी बोलत होते मी. बहिरे होतात तर बहिरे म्हणायचं होतं. मला कशाला वेडं केलंत?" तिच्या बोलण्यात दया नव्हती. भयंकर राग होता, आणि मला तो पुरेपूर पटला.

मेव्हण्याने घसा साफ केला. त्याच्या हातात आता पाहिजे तेवढा सूड होता. कोपऱ्यावर जाऊन चार माणसांना सांगितलं असतं तरी काम झालं असतं. पण तो पुढे झाला, फिटरच्या खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर त्याने काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"केंद्रावर बेअरिंग ऐकता ते याने ना?"

फिटरने होकारार्थी मान हलवली.

"अजूनही ऐकू येतं?"

"येतं. पहिल्यासारखंच."

"मग बहिरे कसले तुम्ही? कानाची वाट बंद झालीय, हाडाची उघडी आहे. दुकानात एक म्हातारा यायचा, तो रेडिओला दात टेकवून बातम्या ऐकायचा. त्याला डॉक्टरने हेच सांगितलं होतं. तीन वर्षं स्क्रूड्रायव्हर खिशात घालून बसलात आणि हे डोक्यात आलं नाही?"

खरंच आलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर दुखणाऱ्या यंत्राला लावायचा, गाण्याला लावायचा नाही, असा त्याचा आणखी एक नियम असणार. त्याने पातं माझ्या कापडाशेजारच्या लाकडावर टेकवलं. मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

ठिपक्यासमोर ठिपका होता. तेवढ्या आवाजात मी त्याच्यापर्यंत पोचलो. तबकडी संपून सुई मध्यापाशी जाऊन खरखर करू लागली तरी त्याने मूठ काढली नाही. बायकोने पिशवी खाली ठेवली.

आता सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले असतील असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही झालं नाही. मेव्हण्याने आपली हत्यारं गोळा केली आणि दारातून खणखणीत आवाजात म्हणाला, "भाऊजी, आज हात खिशात ठेवायला विसरलो."

"आता ठेव," फिटर म्हणाला.

मेव्हणा खरंच हात खिशात घालून जिना उतरला. ते दोघं आजही एकमेकांना पाण्यात पाहतात. पण कोपऱ्यावर कोणाला काही कळलं नाही. बायको फिटरला कानांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनीही तेच सांगितलं आणि हाडाला लावायचं एक यंत्र दिलं. केंद्रावर फिटरने स्वतःच सांगितलं. साहेबाने त्याला भांडारात बसवलं नाही, कारण बेअरिंग ऐकणारा दुसरा कोणी त्यांच्याकडे नव्हता. आणि बायकोने काय केलं सांगू? तिने तीन वर्षांची सगळी भांडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. रोज संध्याकाळी ती त्याच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसायची आणि वाया गेलेलं एक एक वाक्य पुन्हा ऐकवायची. तो मुकाट्याने ऐकायचा. ते पुरं होईपर्यंत उन्हाळा संपला.

मित्रांनो, रीतीप्रमाणे शेवटी तुम्हाला उपदेश करायला हवा. यंत्रांना पुसा, तेल द्या, सैल झालेला स्क्रू वेळेवर पिळा, आणि पिळण्याआधी सपाट बाजू शोधा. हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. तुमचं काही बिघडलं असेल तर ते आमच्या अंगावर ढकलू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुमच्या घरातली एखादी वस्तू पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर तिला चापट मारण्याआधी तिच्या समोरच्या खुर्चीत कोण बसतं ते एकदा बघा.

माझी माफी मात्र बरेच दिवस कोणीही मागितली नाही. बायकोने झाकणावर झालर लावलेलं आच्छादन घातलं, तेही मशीनचं जुनं. स्क्रूड्रायव्हर टेकवून टेकवून माझ्या लाकडात एक खळगा पडला आहे, त्याला कोणी पॉलिश केलेलं नाही. पण एकदा बायको गणवेश पोचवायला गेली होती. फिटर मऊ फडकं घेऊन आला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पुसलं. खळग्यापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. मग तो खाली वाकला आणि माझ्या कापडाशी तोंड नेऊन पुटपुटला, "सगळं तुझ्यावर ढकललं मी. तुझा काही दोष नव्हता."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तीन वर्षं रोज पाहून ते मला चांगलं जमायला लागलं आहे.